पॅटागोनियाचे हवामान

दक्षिण अमेरिकेच्या निमुळत्या टोकाकडचा, अर्जेंटिनातील कोलोराडो नदीपासून तिएरा देल फ्वेगोपर्यंत पसरलेला हा प्रदेश. चिलीच्या दक्षिण भागातील किनारा व बेटेही त्यात धरतात. ‘थंड, कोरडा आणि वादळी’ हे त्याचे नेहमीचे वर्णन अर्ध्याच पॅटागोनियाला लागू पडते. येथील हवामान उत्तर-दक्षिण जितके बदलते त्याहून कितीतरी झपाट्याने पश्चिम-पूर्व बदलते, आणि हा बदल अँडीज पर्वत घडवतो. प्रशांत महासागरावरून वर्षभर येणारे पश्चिमी वारे अँडीज चढताना आपले बाष्प पश्चिम उतारावर रिते करतात. त्यामुळे चिलीच्या बाजूस काही ठिकाणी वर्षाला ४,००० मिमी.हून अधिक पाऊस व हिम पडते, तर पूर्वेच्या पठाराचा बराचसा भाग २०० मिमी.वर भागवतो. नाउएल उआपी सरोवराच्या पश्चिम टोकावरील पुएर्तो ब्लेस्त येथे सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो, त्याच सरोवराच्या काठी असलेल्या बारिलोचे शहरात तो ८०० मिमी.च्या आसपास उतरतो, आणि तेथून थोडे पूर्वेस गेले की झाडे संपून खुरट्या झुडपांची स्टेप लागते. एल कालाफाते हे रुक्ष गाव पेरितो मोरेनो हिमनदीपासून जेमतेम ८० किमी.वर आहे. हिमनदी पोसणारा आणि गावाला कोरडे ठेवणारा वारा एकच.

अक्षांशाचे काय, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो पोकळ नाही. उत्तरेकडील नेउकेनमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान २३° से.च्या जवळ असते, उशुआइयात ते १०° से.च्या आसपास. उन्हाळा किती उबदार हे अक्षांश ठरवतो, यात वाद नाही. परंतु थंडीच्या तीव्रतेचा हिशेब त्यावरून लागत नाही. दक्षिण अमेरिकेतील नीचतम तापमान, −३२.८° से., १ जून १९०७ रोजी नोंदले गेले ते चुबुत प्रांतातील सार्मिएंतो येथे. म्हणजे उशुआइयाच्या उत्तरेस सुमारे ९ अंशांवर, आणि फारशा उंचीवरही नव्हे. उशुआइयाला समुद्राची ऊब मिळते, जुलैतही तेथील सरासरी शून्याच्या किंचित वरच राहते. पठारावरील कोरड्या हवेत मात्र रात्री जमिनीतील उष्णता वेगाने निघून जाते. कोरडेपणा हा पर्वताचा परिणाम असल्याने या कडाक्याचा एक धागाही अखेर अँडीजपाशीच पोचतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : पूर्व किनाऱ्यालगत उत्तरेकडे वाहणारा थंड फॉकलंड प्रवाह हेच कोरडेपणाचे कारण नसेल कशावरून? प्रवाहामुळे किनारा गार राहतो आणि बाष्पीभवनही मंदावते, हे खरे. पण त्याच अक्षांशावरील दोन ठिकाणे ताडून पाहावीत. किनाऱ्याजवळच्या रिओ गायेगोसला वर्षाला साधारण २५० मिमी. पाऊस मिळतो, थंड पाण्याने वेढलेल्या फॉकलंड बेटांवरील स्टॅन्लीला त्याच्या दुपटीहून अधिक. पर्वताने पिळून काढलेला वारा समुद्रावरून जाताना पुन्हा ओलावा घेतो, आणि थंड पाणी त्याला अडवू शकत नाही. आणखी भक्कम पुरावा तिएरा देल फ्वेगोत मिळतो. तेथे अँडीज पूर्वेकडे वळतो, आणि हवामानाचे पट्टेही त्याच्याबरोबर वळतात : बेटाच्या उत्तरेस मेंढ्यांची कुरणे, दक्षिणेस बीचची जंगले व पीटची दलदल, आणि ही दलदल मित्रे द्वीपकल्पावरून थेट अटलांटिकपर्यंत जाते. मुख्य भूमीवर जे पश्चिम-पूर्व होते, ते येथे दक्षिण-उत्तर होते.

वारा मात्र पर्वत ओलांडूनही थकत नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये चिलीतील हडसन ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा त्याची राख सांता क्रूस प्रांतावरून अटलांटिकपर्यंत गेली आणि वाटेतील मेंढपाळांच्या कुरणांवर साचली. हे वारे वसंतात व उन्हाळ्यात सर्वाधिक जोर धरतात, म्हणजे नेमके जमिनीतील ओलावा उडून जाण्याच्या दिवसांत. त्यामुळे पावसाचा आकडा सांगतो त्याहूनही स्टेप अधिक कोरडी असते. चुबुत नदीच्या खोऱ्यात १८६५ साली आलेल्या वेल्श वसाहतकऱ्यांना म्हणूनच पावसाच्या भरवशावर शेती करता आली नाही. नदीचे पाणी कालव्यांनी फिरवल्यावरच त्यांचा गहू पिकू लागला.