छिंग राजवटीचा अस्त

चीनवर १६४४ ते १९१२ या काळात राज्य करणारे छिंग हे तेथील शेवटचे राजघराणे. घराणे मांचू होते, ईशान्येकडच्या मांचुरियातले. बहुसंख्य हान प्रजेपेक्षा भाषेने आणि चालीरीतींनी वेगळे. ली त्सचंग या बंडखोराच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या, आधीच्या मिंग घराण्यातल्या शेवटच्या सम्राटाने गळफास घेतला आणि त्या धामधुमीत मांचूंनी राजधानी ताब्यात घेतली. हान पुरुषांनी डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी राखावी, असे फर्मान १६४५ मध्ये निघाले. ती वेणी राजवटीच्या अखेरपर्यंत राजनिष्ठेची सक्तीची खूण होऊन राहिली.

कांगशी (कारकीर्द १६६१–१७२२) आणि त्याचा नातू छ्येनलुंग (१७३५–९६) यांच्या काळात तिबेट, मंगोलिया, शिनच्यांग आणि तैवान साम्राज्याखाली आले. अठराव्या शतकाच्या शेवटी लोकसंख्या ३० कोटींच्या घरात गेली होती. एवढा मुलूख फार थोड्या अधिकाऱ्यांच्या बळावर चालत असे. साधारण १,३०० तालुकेवजा विभाग होते आणि प्रत्येकावर बादशहाने नेमलेला एकच दंडाधिकारी असे. कालवे, बंधारे, शाळा, दुष्काळातली मदत, तंटेबखेडे ही बाकीची कामे गावोगावचे सुशिक्षित जमीनदार पाहत.

या जमीनदारवर्गाला सिंहासनाशी बांधून ठेवणारी व्यवस्था म्हणजे मुलकी परीक्षा. तिची मुळे सुई घराण्यापर्यंत, सुमारे तेराशे वर्षे मागे जातात. स्थानिक परीक्षा, दर तीन वर्षांनी प्रांताची, मग राजधानीची आणि शेवटी राजवाड्यातली, अशा तिच्या पायऱ्या. उमेदवार अरुंद कोठड्यांत बसून कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवर ठरावीक साच्याचे निबंध लिहीत. बहुतेक जण नापास होत आणि अनेक जण म्हातारपणापर्यंत बसत राहत. तरीही पहिल्या पायरीवरच्या पदवीनेसुद्धा गावात मान आणि सवलती मिळत. त्यामुळे नोकरी न मिळालेला पदवीधरही दरबाराकडेच डोळे लावून असे. छिंग राजवट इतकी का टिकली आणि शेवटी इतक्या चटकन का कोसळली, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी इथेच सापडते.

परकीय आक्रमणाची कथा अधिक परिचित आहे. १७५७ पासून पाश्चात्त्यांचा समुद्री व्यापार कँटन या एकाच बंदरात होत असे. चिनी चहाचे दाम चांदीत मोजावे लागत. ती चांदी परत खेचण्यासाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातली अफू पुढे केली. बंगाल-बिहारची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीखाली कलकत्त्याहून जाई, तर माळव्याची मुंबई आणि दमणमार्गे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह मुंबईच्या अनेक पेढ्या या व्यापारावर गबर झाल्या. मुंबईच्या वैभवाचा हा पाया त्या शहराच्या इतिहासात पुरेशा ठळकपणे सांगितला जात नाही. १८३० च्या दशकाअखेर वर्षाला सुमारे ४० हजार पेट्या अफू चीनमध्ये उतरत होती. बादशहाने पाठवलेला अधिकारी लिन त्सशू याने १८३९ मध्ये वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून हुमन येथे नष्ट केल्या. त्यातून पेटलेल्या युद्धात चीन हरला. १८४२ च्या नानचिंग तहाने हाँगकाँग गेले, पाच बंदरे उघडावी लागली आणि २ कोटी १० लाख डॉलर्स भरपाई द्यावी लागली. दुसऱ्या अफूयुद्धात, १८६० मध्ये, ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन हा उद्यानप्रासाद लुटला. मग ब्रिटिशांनी तो जाळला.

राजवटीला आतून खिळखिळे केले ते मात्र ताइपिंग बंडाने (१८५०–६४). त्याचा नेता हुंग श्यूच्वान परीक्षेत वारंवार नापास झालेला होता आणि स्वतःला येशूचा धाकटा भाऊ मानत असे. १८५३ मध्ये त्याने नानचिंग घेऊन तिथे राजधानी केली. या यादवीत किमान दोन कोटी माणसे गेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. बादशाही फौजा हतबल झाल्या, तेव्हा च्चंग क्वोफान, ली हुंगचांग अशा हान अधिकाऱ्यांनी आपापल्या प्रांतात सैन्य उभारले आणि त्याच्या खर्चासाठी मालवाहतुकीवर कर बसवला. बंड मोडले, पण सैन्य आणि पैसा प्रांतांच्या हातात गेला तो पुन्हा पुरता केंद्राकडे आला नाही. पुढच्या साऱ्या घडामोडींचा धागा हाच आहे.

शस्त्रागारे आणि जहाजबांधणी यांवर भर देणारी सुधारणा १८९४–९५ च्या जपानयुद्धात उघडी पडली. तैवान गेले. १८९८ मध्ये तरुण सम्राट क्वांगशू याने कांग यौवेई याच्या सल्ल्याने सुधारणांची फर्माने काढली. सुमारे शंभर दिवसांत राजमाता त्सशी हिने त्याला नजरकैदेत टाकले आणि सहा सुधारकांचा शिरच्छेद झाला. परकीयांविरुद्धच्या १९०० च्या बॉक्सर उठावानंतर परकीय राष्ट्रांनी ४५ कोटी ताएल चांदीचा दंड लादला, तेव्हा दरबारानेच सुधारणा हाती घेतल्या. १९०५ मध्ये मुलकी परीक्षा रद्द झाली. देशाला नव्या शिक्षणाची गरज होतीच. पण सुशिक्षितांना सिंहासनाशी जोडणारा दुवा सिंहासनानेच तोडला. तरुण जपानला शिकायला गेले आणि तिथे अनेक जण सुन यत्-सेन यांच्या क्रांतिकारी संघटनेत सामील झाले. १९०९ मध्ये प्रांतिक सभा भरल्या, तेव्हा जुन्या पदवीधरांना दरबाराबाहेरचे व्यासपीठ मिळाले.

त्सशी आणि क्वांगशू नोव्हेंबर १९०८ मध्ये एका दिवसाच्या अंतराने वारले. गादीवर आला तीन वर्षेही पूर्ण न झालेला पुयी. मे १९११ मधल्या पहिल्या मंत्रिमंडळात बहुसंख्य मांचूच होते, त्यामुळे घटनात्मक राज्याची आशा धरून बसलेले मवाळही दुरावले. त्याच महिन्यात रेल्वेमार्ग परकीय कर्जाच्या आधारे सरकारजमा झाले. सिचुआनमध्ये या रेल्वेचे भाग शेतसाऱ्याबरोबर वसूल केलेले असल्याने लहान शेतमालकही भागधारक होते. छंगतूत निदर्शकांवर गोळीबार झाला आणि हूपेईतल्या काही पलटणी तिकडे धाडल्या गेल्या. ९ ऑक्टोबरला हूपेईतल्याच हानकौमध्ये क्रांतिकारकांचा बॉम्ब अपघाताने फुटला, सभासदांच्या याद्या पोलिसांना सापडल्या. पकडले जाण्याआधीच उठावे, म्हणून १० ऑक्टोबरला शेजारच्या वूछांगच्या सैनिकांनी बंड केले. सुन तेव्हा अमेरिकेत होते आणि ही बातमी त्यांना वृत्तपत्रातून कळली.

त्यानंतर एकामागून एक प्रांतिक सभांनी बीजिंगशी संबंध तोडले. क्रांतीचा निकाल रणांगणापेक्षा अधिक या ठरावांनी लावला. १ जानेवारी १९१२ रोजी नानचिंगमध्ये सुन हंगामी अध्यक्ष झाले. पण सर्वांत बलाढ्य सैन्य सेनापती युआन शिकाई याच्याकडे होते आणि सम्राटाचा पदत्याग घडवून आणण्याच्या बदल्यात अध्यक्षपद त्यालाच मिळाले. १२ फेब्रुवारीला राजमाता लुंगयू हिने पुयीच्या वतीने पदत्यागाचे फर्मान काढले.

प्रजासत्ताक स्थिर झाले नाही. युआनने १९१५–१६ मध्ये स्वतः सम्राट होण्याचा प्रयत्न केला, तो प्रांतांच्या विरोधाने फसला आणि त्याच्या मृत्यूनंतर सुभेदारी सेनापतींचे राज्य माजले. राष्ट्रवादी पक्षाचे नेते च्यांग कै-शेक यांनी १९२८ पर्यंत देश नावापुरता एक केला. जपानविरुद्धच्या युद्धाने (१९३७–४५) तेही मोडले. याच युद्धात हिंदी वैद्यकीय पथकातून गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यानंतरच्या यादवीत कम्युनिस्ट जिंकले आणि १ ऑक्टोबर १९४९ रोजी त्यांचे नेते माओ त्सेतुंग यांनी जनतेच्या प्रजासत्ताकाची घोषणा केली.

पदत्यागाच्या फर्मानातला एक मुद्दा आजही जिवंत आहे. मांचू, हान, मंगोल, हुई आणि तिबेटी या पाचही समाजांचा मुलूख प्रजासत्ताकात एकत्र राहील, असे त्यात म्हटले होते. साम्राज्याचा वारसा राष्ट्राकडे आला, हा चिनी सरकारांचा दावा त्यावर उभा आहे. मंगोल आणि तिबेटी लोकांना तो मान्य नव्हता. आपण छिंग सम्राटाशी बांधलेलो होतो, चीनशी नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. बाह्य मंगोलियाने १९११ मध्येच स्वातंत्र्य जाहीर केले. तेराव्या दलाई लामांनी १९१३ मध्ये तशीच घोषणा केली. १९१३–१४ च्या सिमला परिषदेत तिबेटी प्रतिनिधींनी मान्य केलेली, तिबेट आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली मॅकमहोन सीमारेषा चीनने कधीच मानली नाही. भारत-चीन सीमावादाच्या पूर्वेकडील भागाचे मूळ तिथे आहे.