विंचू, महाड आणि ब्लडप्रेशरची गोळी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की येरवड्यातली कितीतरी मुलं गावी जातात. निघण्याआधी आईवडील ताप, जुलाब, उलटी यांची औषधं लिहून घेतात. विंचवाबद्दल क्वचितच कुणी विचारतं. म्हणून आज त्याबद्दल लिहितो. विंचू चावलेल्या मुलाला आज इमर्जन्सी विभागात जे औषध देतात, त्याची वाट रायगड जिल्ह्यातल्या महाडने दाखवली.

लाल विंचू का घातक?

मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असते, तिचा दंश ठणकतोही फार. पण आपल्याकडे जिवावर बेततो तो बहुधा लहानसा लाल विंचू. त्याच्या विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारखी रसायनं एकदम उसळतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो. या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. मुलाला धाप लागते, तोंडातून गुलाबी फेस येतो. मोठ्या माणसाला आणि लहान मुलाला विष तेवढंच टोचलं जातं. मुलाचं वजन कमी, म्हणून त्याला ते जास्त भारी पडतं.

बिरवाडीतल्या नोंदी

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा विंचूदंशाला स्टिरॉइड, ॲलर्जीची इंजेक्शनं, ॲट्रोपिन असं काही ना काही दिलं जाई, तरीही मुलं दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून धोक्याच्या सुरुवातीच्या खुणा सापडल्या: उलटी, भरपूर घाम, लाळ, थंडगार हातपाय आणि मुलग्यांमध्ये लिंगाचा ताठरपणा. हे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात छापून आलं.

पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एमडी करून ते महाडला परतले. (येरवड्याहून बंडगार्डनचा पूल ओलांडून थोडं पुढे गेलात की हेच कॉलेज लागतं.) दुखणं आवळलेल्या रक्तवाहिन्यांत आहे, तर त्या सैल करू, हा त्यांचा विचार. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते शिरेतून थेंब थेंब द्यावं लागतं आणि रक्तदाब सतत मोजत राहावा लागतो. खेड्यातल्या दवाखान्यात हे कसं जमायचं? मग त्यांची नजर प्राझोसिनकडे वळली. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी हा अनुभव १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला. गंभीर विषबाधेत पूर्वी सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं.

धाप लागलेल्या मुलावर संशोधन?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. आईवडील घाबरलेले, वेळ थोडा. अशा वेळी चाचणी करायची तर एकही रुग्ण उपचाराविना राहता कामा नये. महाडला तेच पाळलं गेलं. विंचवाच्या विषावरची लस मुंबईच्या हाफकिनने बनवली होती. तिचा खरंच जास्त फायदा होतो का, हे बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवर तपासलं. त्यांत सहा महिन्यांपुढची बालकंही घेता येत होती. प्राझोसिन सगळ्यांना दिलं, लस मात्र ३५ जणांनाच. दहा तासांनी लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण बरे होते, नुसत्या गोळीवरच्यांपैकी ८. हे निष्कर्ष २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. पुढे पुदुच्चेरीच्या जिपमर रुग्णालयात फक्त मुलांवर अशीच चाचणी झाली, निष्कर्षाची दिशा तीच निघाली. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

तुम्ही काय करायचं?

एवढं संशोधन झालं, तरी मूल वेळेत दवाखान्यात पोचलं तरच ते कामाचं. विष उतरवण्यात, मांत्रिकाकडे नेण्यात जो तास जातो, तोच सगळ्यात मोलाचा असतो.

• दंशाची वेळ लक्षात ठेवा. तिथे कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका.

• नुसतं दुखतंय म्हणून मूल जोरात रडत असेल, तर ते बरेचदा साध्या दंशाचं लक्षण असतं. दुखणं फारसं नाही, पण घाम, उलटी, थंड हातपाय आहेत, हे जास्त काळजीचं. तरी यावरून घरीच निकाल लावू नका. प्रत्येक मुलाला दवाखान्यात न्या आणि डॉक्टर सांगतील तितके तास तिथे थांबा.

• घरात आजोबांची प्राझोसिनची गोळी असली, तरी स्वतः देऊ नका. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते.

• डॉक्टरांनी गोळी दिल्यावर मुलाला निजवूनच ठेवा. रडतंय म्हणून कडेवर उचललंत, तर रक्तदाब एकदम उतरू शकतो.

• गावी चपला, बूट, अंथरूण झटकूनच वापरा. लाकडांच्या आणि विटांच्या ढिगात मुलांना हात घालू देऊ नका.

आणि गावी पोचलात की पहिल्याच दिवशी एक चौकशी करा: रात्री उघडा असणारा, विंचूदंशावर उपचार होणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता? तिथला फोन नंबर मोबाइलमध्ये ठेवा.