इंग्रजी शिकवली, पण बोलू दिली नाही

पहिलीपासून दहावीपर्यंत इंग्रजी शिकलेली आपली मुलं मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला गप्प होतात. हा त्यांचा न्यूनगंड आहे, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना आम्ही इतिहास दाखवू इच्छितो. हे मुकेपण व्यवस्थेने घडवलेले आहे.

१८३५ साली मेकॉलेने मूठभरांना इंग्रजी शिक्षण देण्याची बाजू मांडली. वरच्यांकडून ज्ञान खाली झिरपेल, असा त्यामागचा दावा. झिरपले काय? १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सरकारला सुनावले की, महसूल कष्टकरी रयतेचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्या जातींना. सावित्रीबाईंनी तर १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्येच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारली गेली, फारसी घ्यावी लागली. पण इंग्रजी त्यांनी अशी कमावली की १९१९ ला साउथबरो समितीपुढे आणि १९३० पासून गोलमेज परिषदेत अस्पृश्यांची बाजू त्यांनी राज्यकर्त्यांच्याच भाषेत मांडली. त्याच काळात समाजाशी बोलण्यासाठी ‘मूकनायक’ मराठीत काढला. मराठी की इंग्रजी, हा वाद त्यांनी घातला नाही. दोन्ही हत्यारे वापरली.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? मुंबई राज्यात मराठी शाळांतली इंग्रजी आठवीवर ढकलली गेली. स्वभाषेचा अभिमान हे कारण दिले गेले. मात्र ऐपतवाल्यांची मुले इंग्रजी माध्यमात पहिल्या दिवसापासून इंग्रजी ऐकत आणि बोलत राहिली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी यायला २००० साल उजाडले. तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांना त्यासाठी विरोध सोसावा लागला.

पण पुस्तक आले म्हणजे भाषा आली नाही. माध्यमिक वर्गात आजही बहुतेक ठिकाणी शिक्षक धडा वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, प्रश्नोत्तरे लिहून देतात. मुलाच्या तोंडून तासभरात एक वाक्यही निघत नाही. दहावीला तोंडी परीक्षेचे २० गुण आहेत. ते खिरापतीसारखे वाटले जातात, म्हणून २०१८-१९ ला बंद केले. २०१९ ला निकाल घसरला, तसे परत आणले. गुण परत आले, बोलणे आलेच नाही.

ज्याच्या घरात इंग्रजी आहे, त्याचे शाळेत न शिकवल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते वस्तीतल्या, पाड्यावरच्या, ऊसतोड कामगाराच्या मुलीचे. तिच्यासाठी शाळा हीच इंग्रजी ऐकण्याची एकमेव जागा आहे. म्हणून ‘न शिकवणे’ हेही जातीच्याच बाजूने उभे राहणे आहे.

मित्रांनो, मागणी स्पष्ट ठेवू या. जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आश्रमशाळांत आठवीपासून आठवड्याला किमान दोन तास फक्त बोलण्याचे हवेत. पुस्तक मिटून, जोड्या लावून, चुका करू देऊन. चुकणाऱ्या मुलाला हसणारा वर्ग नको. शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण हवे आणि तोंडी परीक्षा खरी हवी.

सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरत असे. उभे राहून मुद्दा मांडण्याची सवय ही आपली परंपरा आहे. ती विहारातल्या अभ्यासिकेत या रविवारपासून सुरू करता येईल. पण त्यामुळे शासनाची जबाबदारी संपत नाही. ती वसूल करावीच लागेल.

जय भीम!