थोडं थांबावं म्हणतो

आमच्या घराण्यात थांबण्याची परंपरा मोठी आहे. आजीला दर गुरुवारी दत्ताच्या देवळात नेता यावे म्हणून वडिलांनी 1974 साली स्कूटरसाठी नंबर लावला, तेव्हा त्यांचे लग्नही व्हायचे होते. स्कूटर दारात आली 1983 साली. तोवर मी तिच्या पुढच्या जागेत उभा राहण्याइतका मोठा झालो होतो. त्या नऊ वर्षांत वडील चिडल्याचे कुणी पाहिले नाही. "नंबर लागला की येईल," असे ते इतक्या समाधानाने म्हणत की ऐकणाऱ्याला स्कूटर आल्यासारखीच वाटे. हाच वारसा घेऊन मी बी. कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो.

2020 च्या डिसेंबरात, शाळा घरातच भरत असताना, आठवीतले चिरंजीव म्हणाले, "बाबा, मला कार्ड हवंय."

"डेबिट की क्रेडिट?"

"ग्राफिक्स. मधलं."

या 'मधलं'ने मला गहिवरून आले. वरचे मागायचे नाही आणि खालचे घ्यायचे नाही, हे बाळकडू पोराला न पाजता मिळाले होते.

मग त्याने माझा वर्ग घेतला. संगणकाच्या पडद्यावर 1,920 गुणिले 1,080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. खेळ चालू असताना प्रत्येकाचा रंग सेकंदाला साठ वेळा ठरवायचा. म्हणजे सेकंदाला 12 कोटी 44 लाखांवर नोंदी. संगणकाचा मुख्य मेंदू हा मॅनेजरसारखा. हुशार खरा, पण एकटा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो कारकुनांचा हॉल. प्रत्येकाला एकच सोपी बेरीज, पण सगळे एकदम करतात आणि मधल्या सुट्टीत चहाला जात नाहीत. ही शेवटची गोष्ट सोडल्यास मला सगळे पटले.

"नवी पिढी आत्ताच आलीय," मी म्हणालो. "गर्दी ओसरू दे. थोडं थांबू."

कर्जाचा अर्ज आला की आम्ही आधी जुनी खाती काढतो. मी या कार्डांचीही काढली, आणि थांबण्याच्या बाजूने असा पुरावा सापडला की वडिलांचा फोटो जागेवर हसल्याचा भास झाला. जून 2008 मध्ये एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीने दोन नवी कार्डे आणली. थोरले 649 डॉलरला, धाकटे 399 ला. त्याच महिन्यात प्रतिस्पर्धी एएमडीने रेडिऑन एचडी 4850 आणले 199 ला आणि 4870 आणले 299 ला. ही मधली कार्डे इतकी कामसू निघाली की जुलैतच 649 चे 499 झाले आणि 399 चे 299. पहिल्या दिवशी धावला त्याचे दीडशे डॉलर बुडाले. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला आणखी काय हवे? मी एक दोनशे पानी वही आणली, समास आखले आणि किमतींची खतावणी सुरू केली.

पहिल्याच पानाने दगा दिला. त्या डिसेंबरात आरटीएक्स 3060 टीआय आले होते 399 डॉलरला. फेब्रुवारी 2021 मध्ये साधे 3060 आले 329 ला. म्हणजे कागदावर! प्रत्यक्षात साथीमुळे घरोघरी संगणक हवा झालेला, चिप्सचा तुटवडा, आणि वर इथेरियम नावाचे आभासी चलन. हे चलन 'खणायला' हीच कार्डे लागत. मंडळी ती डझनाच्या हिशेबाने उचलू लागली आणि भाव छापील किमतीच्या दुप्पट-अडीचपट झाले. खणणारे दूर राहावेत म्हणून एनव्हिडियाने 3060 मध्ये पाचर मारली : इथेरियम खणायला लागले की वेग निम्मा. आणि मार्चमध्ये चुकून स्वतःच असे सॉफ्टवेअर दिले की पाचर निघून आली! आमच्या बँकेत हे झाले असते तर निदान सात जणांच्या सह्या तरी सापडल्या असत्या.

"थोडं थांबू," मी म्हणालो. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि ते खणणे बंद झाले. पण तोवर चिरंजीव दहावीत गेले होते. दहावीच्या मुलाला खेळायचे कार्ड घेऊन देणारा बाप आमच्या सोसायटीत अजून जन्मायचा आहे.

शिवाय त्याच महिन्यात पुढची पिढी जाहीर झाली होती. तिच्यात 4080 नावाची दोन कार्डे निघाली, एक 16 जीबी स्मरणाचे आणि एक 12 जीबीचे, आणि आतली घडणही वेगळी. लोकांनी इतका आरडाओरडा केला की धाकटे ऑक्टोबरात मागे घेतले गेले. जानेवारी 2023 मध्ये ते 4070 टीआय या नावाने परत आले, शंभर डॉलरनी स्वस्त होऊन. सासरी नाव बदलतात हे ठाऊक होते. इथे वरात निघायच्या आतच बदलले.

या घराण्यात नावावर जाऊ नये हे जुनेच आहे. 2001 च्या जीफोर्स 3 मध्ये प्रकाश आणि छाया कशा पडाव्यात हे खेळ लिहिणाऱ्याला स्वतः ठरवता येई. 2002 च्या स्वस्त जीफोर्स 4 एमएक्समध्ये ती सोयच नव्हती, कारण आतून ते जीफोर्स 2 च्या वळणाचे होते. बढतीची ऑर्डर हातात, काम दोन पायऱ्या खालचे.

आणि मधले कार्ड तयार होते कसे? पुष्कळदा थोरल्याच्याच चिपमध्ये काही भाग सदोष निघतात. ते बंद करून उरलेली चिप कमी किमतीत विकतात. म्हणजे एटीकेटी मिळालेला थोरला. 2014 साली जीटीएक्स 980 मध्ये 2,048 कारकून होते, त्याच चिपच्या 970 मध्ये 1,664. यात फसवणूक काही नाही. पण 970 चे 4 जीबी स्मरण साडेतीन अधिक अर्धा असे निघाले, आणि तो अर्धा फार मंद. जानेवारी 2015 मध्ये हे उघड झाले, प्रकरण कोर्टात गेले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या ग्राहकांना कार्डामागे 30 डॉलर द्यायची तडजोड झाली. खात्यात पैसे आहेत पण काढता येत नाहीत, हा प्रकार आम्ही 'मिनिमम बॅलन्स' म्हणून राजरोस चालवतो.

2023 मध्ये 4060 आले, 299 डॉलरला. वेग वाढलेला, पण स्मरण 3060 च्या 12 जीबीवरून 8 जीबीवर. पगार वाढवून महागाईभत्ता कापल्यासारखे. वहीत मी लिहिले, 'थांबावे.' मग अकरावी झाली, बारावी झाली. मे 2025 मध्ये 5060 आले. पुन्हा 299, पुन्हा 8 जीबी.

ती नोंद करत असताना चिरंजीव मागे येऊन उभे राहिले. आता त्यांना मान वर करून पाहावे लागते. त्यांनी वही चाळली.

"छान ठेवलंय," तो म्हणाला. "सुरुवात केलीत तेव्हा मी आठवीत होतो, नाही?"

सुरात तक्रार अजिबात नव्हती. असती तर बरे झाले असते. तक्रारीला उत्तर द्यायची मला सवय आहे. ऑगस्टमध्ये तो इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर जाणार होता.

त्या रात्री मला एकदम स्कूटर आठवली. आजी 1981 साली गेली. स्कूटर आली त्या गुरुवारी वडिलांनी मला पुढे उभे केले, दत्ताच्या देवळापर्यंत नेले आणि न उतरताच परत आणले. त्यांना निदान दुसरा इलाज नव्हता. त्यांची रांग पुढे सरकत होती आणि टोकाला ठरलेली वस्तू होती. माझ्यापुढे रांगच नव्हती. वस्तूच दर दोन वर्षांनी पुढे सरकत होती, आणि मी मात्र नंबर लावल्यासारखा उभा होतो.

शनिवारी आम्ही दोघे गेलो. मधलेच घेतले, 16 जीबीचे. त्याच्यापायी संगणकाचा पॉवर सप्लायही बदलावा लागला, कारण नव्या सुनेला जुन्या मीटरवर भागत नाही.

सोमवारी आमचे हेड कॅशियर हळहळले. "अहो, थोडं थांबायचं होतंत! उतरले असते की!"

उतरलेही असते. मी काही बोललो नाही.

संध्याकाळी घरी आलो तर चिरंजीवांनी शेजारी स्टूल मांडून ठेवले होते. "बाबा, बसा. हे पाणी बघा."

पडद्यावर नदी होती. सेकंदाला 12 कोटी नोंदी होत असणार. मी मोजल्या नाहीत. पाणी अगदी पाण्यासारखे दिसत होते.