पाव दराचा फोन

आमचे आप्पा खानदेशातून सचिनला आले, जीआयडीसीत लूम चालवायला. माणूस भारी बुजरा. लग्नात मांडवाचा कोपरा धरायचे, जेवण उरकलं की निघायचे. आम्ही त्यांना माणूसघाणे म्हणायचो.

१९९०च्या सुमारास पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर. तेव्हा रांगेत उभं राहून आप्पा अमळनेरला आत्याला फोन लावायचे. काचेचं दार लागलं की अहिराणी सुटायची, खळखळून हसायचे! २००३ साली मोबाइलचं इनकमिंग फुकट झालं, मग आत्याच रोज फोन करू लागली.

आत्याच्या दहाव्याला तिची मुलं म्हणाली, ‘आमचं सगळं सुखदुःख मामांना ठाऊक.’ आम्हाला त्यांची नावंही धड येत नव्हती.

आता माझा मुलगा व्हॉट्सॲपवरच बोलतो. मी टोकत नाही.