आहारनिवडीची साधने

आपण खातो त्या अन्नाचे पोषणमूल्य समजून घेऊन अधिक आरोग्यदायी अन्नाची निवड करता यावी, यासाठी सिद्ध केलेली कोष्टके, मापे, तक्ते, वेष्टनांवरील मजकूर आणि अलीकडची भ्रमणध्वनीवरील उपयोजने (अ‍ॅप) यांना ही संज्ञा लावता येईल. उपयोजन हे यांतील सर्वांत नवे साधन होय. परंतु त्याच्या अंतरंगात तीन जुन्या गोष्टी असतात : अन्नघटकांचे कोष्टक, खाल्लेल्या अन्नाचे माप आणि माणसाच्या गरजेचा ठोकताळा. या तिन्ही गोष्टी भारतात निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या हेतूंनी निर्माण झाल्या. खाणाऱ्याचे हित हा हेतू त्यांत नेहमीच होता असे नाही.

गरजेच्या सरकारी मोजमापाचा प्रारंभीचा प्रसंग सोलापूर जिल्ह्याच्या परिचयाचा आहे. १८७६–७८ च्या दुष्काळात हा जिल्हा विशेष होरपळला. दुष्काळी कामावरील मजुरास एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा एवढी मजुरी पुरेशी आहे, असे सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी ठरविले. आजच्या कोष्टकांप्रमाणे एक पौंड (सु. ४५४ ग्रॅ.) ज्वारीपासून सु. १,५८० कॅलरी मिळतात. बैठे काम करणाऱ्या पुरुषाची सरासरी गरज २०२० च्या शिफारशींनुसार २,११० कॅलरी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे खडी फोडणाऱ्यांच्या वाट्यास काय आले याची कल्पना येते. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डब्ल्यू. आर. कॉर्निश यांनी शास्त्रीय आधारावर या मापास विरोध केला. मुंबई इलाख्यात पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे निवेदने धाडली आणि अनेक मजुरांनी कामावर जाण्याचे नाकारले. माणसास किती अन्न लागते हा प्रश्न येथे प्रथम जाहीर वादाचा झाला, तो असा.

अन्नघटकांच्या कोष्टकाचा उगम कुन्नूर (तमिळनाडू) येथील आहे. रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी १९१८ मध्ये तेथे बेरीबेरी रोगाविषयीचे संशोधन सुरू केले. त्यातूनच पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. तिचे संचालक डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांच्यानंतर व्ही. एन. पटवर्धन यांनी संस्थेची धुरा सांभाळली. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला गेली व १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांचा १९७१ चा ग्रंथ कित्येक वर्षे आहारतज्ञांच्या हाताशी राहिला. ज्वारीत शेकडा १०·४ व तूरडाळीत शेकडा २२·३ प्रथिने असतात, ही पाठ्यपुस्तकांतून परिचित झालेली माहिती त्यातलीच. २०१७ मध्ये देशाच्या सहा विभागांतील नमुन्यांवरून ५२८ पदार्थांची नवी कोष्टके प्रसिद्ध झाली.

गरजेचा आकडा मात्र पुन्हा वादात सापडला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई २,२५० कॅलरींच्या आधारे दारिद्र्याची रेषा आखली. जागतिक अन्न व कृषी संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यास आलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (१९११–९७) यांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला. निरोगी माणसाचे ऊर्जासेवन दररोज सारखे नसते, शरीर काही मर्यादेत त्याच्याशी जुळवून घेते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दांडेकर व गोपालन या दोघांनीही त्यावर कडक टीका केली. गरिबांच्या भुकेचा आकडा त्यामुळे अकारण लहान होतो, ही त्यांची धास्ती निराधार नव्हती. तथापि सुखात्म्यांचे मूळ निरीक्षण आजच्या उपयोजनांच्या बाबतीत अधिकच महत्त्वाचे वाटते. रोज रात्री ठराविक आकडा ओलांडला की लाल खूण दाखविणारे उपयोजन, माणसाची गरज दिवसागणिक बदलते हे विसरलेले असते. आठवड्याची सरासरी दाखविणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

मापाचा प्रश्न याहून व्यावहारिक आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण केंद्राचे पाहणीदार प्रमाणित वाट्या घेऊन घरोघर जात व गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले ते विचारीत. महाराष्ट्र त्या पाहणीत होता. उपयोजनातील ‘आज काय खाल्ले ?’ हा प्रश्न याच पद्धतीचा वारस होय. फरक इतकाच, की वाटी दाखवून खातरजमा करणारा माणूस आता समोर नसतो. कमलाबाई ओगले यांच्या रुचिरा (१९७०) या पाकशास्त्रविषयक पुस्तकाच्या लोकप्रियतेत वाटी-चमच्याच्या घरगुती मापांचा वाटा मोठा होता. उपयोजनकारांनीही ग्रॅमपेक्षा त्यांचाच आश्रय करणे श्रेयस्कर.

करकंबची (ता. पंढरपूर) बाजार आमटी हे या सर्व साधनांची कसोटी पाहणारे उदाहरण आहे. पंढरपूर–टेंभुर्णी रस्त्यावरील या गावच्या आठवडे बाजाराशी तिचे नाव जोडलेले आहे. बाजारात उरलेल्या निरनिराळ्या डाळी एकत्र शिजवून ती प्रथम झाली, असे सांगतात. तूर, मूग, मसूर, हरभरा, उडीद यांपैकी हाताशी असतील त्या डाळी, सुके खोबरे, लसूण, काळा मसाला व वर तर्री असे तिचे स्वरूप असते. ती ज्वारीच्या भाकरीबरोबर, बहुधा कुस्करून खातात. पोषणदृष्ट्या ही जोडी उत्तम आहे. ज्वारीत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते, ते डाळींत भरपूर असते. डाळींत उणे असलेले मेथिओनीन धान्य पुरविते. ही बाब कोष्टकातून नेमकी कळते. कळत नाही ते तर्रीचे प्रमाण. एका वाढणीत ३० ग्रॅ. डाळ धरल्यास सु. १०० कॅलरी होतात. तिच्यावर ५ ग्रॅ. तेल असेल तर ४५ आणि १५ ग्रॅ. असेल तर १३५ कॅलरी वाढतात. म्हणजे खोबरे सोडूनही एकाच नावाची आमटी १४५ वा २३५ कॅलरींची ठरते. डाळ कोणती, हे विचारण्यात उपयोजनाने वेळ घालवू नये; सर्व डाळींची ऊर्जा जवळजवळ सारखीच आहे. तर्री किती, एवढे विचारले तरी निम्मी चूक टळते.

नावांचाही घोळ असतो. कोकणातला कुळीथ सोलापुराकडे हुलगा होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने शताब्दीच्या सुमारास काढलेल्या ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ या उपयोजनात पदार्थांची प्रादेशिक भाषांतील नावे देण्यात आली, ती याच अडचणीमुळे.

या साधनांची निकड आता भुकेपेक्षा मधुमेहाने वाढविली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सु. १० कोटी १० लाख रुग्ण होते. १८७७ मध्ये कॅलरी ही किमान किती द्यावी याची बाब होती. उपयोजनात ती कमाल किती घ्यावी याची झाली आहे. दोन्ही प्रकारची माणसे एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात असतात. त्यामुळे वजन कमी करणे हेच प्रत्येकाचे उद्दिष्ट गृहीत धरणारी रचना सदोष मानावी लागते. ऊसतोड मजुराला अशी सूचना अपायकारक ठरेल.

कायद्याचे साहाय्यही मर्यादित आहे. २०२० च्या विनियमांनुसार दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी खाद्यपदार्थांच्या कॅलरी दर्शविणे २०२२ पासून बंधनकारक झाले. बाजार आमटीचे एकटे हॉटेल या नियमाबाहेर राहते, आणि तेथे तर्री किती हे वाढणाऱ्यालाच विचारावे लागते.