चहाचा वाडगा आणि खुर्ची

जपानात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी ‘चानोयु’चा अनुभव घेतला असेल. वज्रासनासारखे बसायचे, आधी गोड खायचे, मग दोन्ही हातांनी वाडगा उचलून, थोडा फिरवून चहा प्यायचा. पंधरा मिनिटांत पायाला मुंग्या येतात आणि ‘एवढ्याशा चहासाठी एवढा खटाटोप कशाला?’ असे वाटते. आम्हा काही जणांनाही शिकायला लागल्यावर तसेच वाटले. म्हणून या प्रथेचा इतिहास वाचला. तो थोडक्यात सांगतो.

एइसाई हे बौद्ध भिक्षू ११९१ साली चीनहून चहाचे बी घेऊन आले, असे मानतात. आरंभी चहा औषध म्हणून घेत. त्याचा विधी पुढे मुराता जुको, ताकेनो जोओ आणि साकाईचे सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी घडवला. रिक्यूंच्या चहाघराचे दार इतके लहान असे की सरदारालाही तलवार बाहेर ठेवून, वाकूनच आत यावे लागे. त्यांचा आश्रयदाता हिदेयोशी मात्र सोन्याने मढवलेल्या खोलीत चहा करी. १५९१ मध्ये त्याच्याच आज्ञेने रिक्यूंना आत्महत्या करावी लागली. पुढे त्यांच्या पणतूंपासून क्योतोत तीन घराणी सुरू झाली. ती आजही शिकवतात.

खरे संकट आले ते १८६८ नंतर. चहाच्या गुरूंचा चरितार्थ सरदारांच्या आश्रयावर चाले. १८७१ मध्ये सरदारांची संस्थाने खालसा झाली आणि तो आश्रय गेला. नव्या पिढीला तर पाश्चात्त्यांचे तेवढेच चांगले वाटू लागले होते. अशा वेळी उरासेन्के घराण्याचे अकरावे प्रमुख गेन्गेन्साई यांनी १८७२ च्या क्योतो प्रदर्शनासाठी, परदेशी पाहुण्यांना बसता यावे म्हणून, टेबल-खुर्चीवर चहा करण्याची रीत बसवली. १८७५ मध्ये आतोमी काकेई या बाईंनी तोक्योत मुलींची शाळा काढली व तेथे चहाचे शिक्षण ठेवले. पूर्वी मुख्यतः पुरुषांची असलेली ही कला पुढे मुलींच्या शाळांतून घरोघरी गेली. किमोनो नेसलेल्या शिक्षिकेचे जे चित्र आपल्याला प्राचीन वाटते, ते असे बरेचसे अलीकडचे आहे!

बदलले नाही ते काय? पाहुण्यासमोर भांडी पुसणे, आणि यजमानाने स्वतः चहा करून देणे. चहाची पूड पाण्यात विरघळत नाही, तरंगती ठेवावी लागते. म्हणून ती बांबूच्या छोट्या रवीने घुसळायची आणि खाली बसण्याआधी प्यायची. आमचे पहिले काही धडे तर रेशमी रुमालाची घडी घालण्यातच गेले. वर्गात वही काढायची नाही, हाताने करूनच शिकायचे. आपल्याकडे तबला किंवा गाणे गुरूसमोर बसून शिकतात, तसेच हे.

आपल्या मंडळातही दर वर्षी वाद होतात. आरती मुलांसाठी रोमन लिपीत छापावी का? पंगत जमिनीवर की टेबलावर? गेन्गेन्साई यांनी खुर्ची दिली, पण चहा हाताने करून देणे सोडले नाही. आरतीची लिपी बदलली तरी ती मुलांनी स्वतः म्हणावी, पंगत टेबलावर असली तरी मुलांनी स्वतः वाढावे, असे आम्हाला वाटते. आपले मत येत्या सभेत जरूर मांडावे.